विहीर कुठं आहे?

बुलढाण्यात पुष्पांजलीच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तिची आई तानाबाई धामणगाव बढेहून एसटीनं आली. एका मोठ्या चित्रासमोर ती थबकली. ते तिचंच होतं. खाली वाकलेला चेहरा, दातांत दाबलेला ओठ, मुठीत दोर आणि भोवती गोल काळोख.

शेजारी एक जाणकार गृहस्थ लोकांना समजावून सांगत होते, "हा दोर म्हणजे बंधन. हा काळोख म्हणजे तिचं आयुष्य. किती हतबल बाई आहे ही!"

तानाबाईला राहवलं नाही. "हतबल काऊन म्हणता, साहेब? माही पोरगी विहिरीत पडली होती. दोर टाकून म्या एकटीनं वर काढली तिले."

"पण चित्रात विहीर कुठं आहे?" गृहस्थ गोंधळले.

तानाबाईनंही चित्रात विहीर शोधली; ती कुठंच नव्हती. पोर तेव्हा जेमतेम सहा वर्षांची. तिला त्यातलं काही आठवत असेल, असं आईला कधी वाटलंच नव्हतं.

पुष्पांजली पुढं आली. आईच्या खांद्यावर हात ठेवून साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे माही माय, सर. अन् विहीर कशी दिसंल? मी तळातून वर पाहून राह्यली होती."