एकच वाट उघडी

हल्ला बाहेरून नव्हता, आतूनच चालला होता, आणि हे कळल्यापासून जितेशचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शुक्रवारची दुपार. मस्कतमधल्या बौशरच्या ऑफिसात तो एकटाच ड्युटीवर. दवाखान्यांच्या, शाळांच्या, दुकानांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर ठेवायच्या, हा कंपनीचा धंदा. बाहेरून कुणी खोट्या विनंत्यांचा लोंढा सोडून एखादी साइट बंद पाडायला आलं, तर त्याला दारातच अडवायची सगळी सोय होती. पण आज कंपनीच्याच खोलीतलं एक मशीन बाहेर कुणावर तरी असं तुटून पडलं होतं. इंटरनेटची लाइन पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीने दम दिला होता: अर्ध्या तासात थांबवा, नाहीतर तुमची अख्खी लाइन कापतो. मॅनेजर रविकांत सर घरून फोनवर ओरडत होते, "शोधतोयस की झोपा काढतोयस? मशीन सापडलं की वायर उपट, खलास!"

सापडलं. कोपऱ्यातलं, सगळ्यात खालचं, जुनं. ते मशीन त्यानेच, सरांना विचारून, हुसैनचाचांसाठी लावून दिलं होतं.

हुसैनमियाँ म्हणजे त्याच्याच तालुक्यातला माणूस, अल मवालेहच्या भाजी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर कामाला. जितेश मस्कतला नवा होता तेव्हा त्यांच्याच ताटातलं जेवलेला. आज गावी त्यांच्या रुबिनाचा निकाह होता आणि रमजानच्या तोंडावर अर्बाबने, म्हणजे गाळ्याच्या मालकाने, सुट्टी दिली नव्हती. इथे व्हिडिओ कॉल लागत नाहीत. म्हणून गावचा शूटिंगवाला चित्र या मशीनकडे पाठवणार आणि चाचा ते गाळ्यावरच्या लॅपटॉपवर, कुवेत-दुबईचे नातेवाईक आपापल्या घरी बघणार, असा बेत. शूटिंगवाल्याचा घोळ नको म्हणून जितेशने पासवर्डही सोपा ठेवला होता: रुबिना एक दोन तीन. तो कुठल्या तरी चोराने ओळखला आणि आत शिरून बसला. शिकलेसवरलेले आपण आणि ही अक्कल! जितेशला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्याने फोन लावला. "चाचा, कुठवर आलं?"

"आता कुठे! निकाहचा वकील आणि साक्षीदार बायकांच्या खोलीत गेलेत, रुबिनाची कबुली घ्यायला. काय रूप आलाय रे पोरीला!" मागे गाळ्यावर जमलेल्यांचा कलकलाट. मग चाचांचा आवाज खाली आला. "गप्प गप्प असते पण. आठवडाभर फोनवर हूं नाही की चूं नाही. स्थळ मीच घाईत ठरवला ना, कॉलेज पण सुटणार तिचा. लाजत असेल."

"असेल," जितेश म्हणाला.

वायर उपटायला त्याचा हात धजेना. तो खुर्चीत बसला आणि त्या मशीनच्या बाहेर जाणाऱ्या सगळ्या वाटा बंद करत सुटला. एकच उघडी ठेवली, चाचांच्या गाळ्याकडे जाणारी. कुवेतचे, दुबईचे नातेवाईक गेले बिचारे, पण हल्लाही थांबला. लाइनवाल्यांचा निरोप आला, ठीक आहे. जितेशने घाम पुसला.

"जितेश." चाचांचा आवाज भलताच बारीक झाला होता. "वकिलाने विचारला. पोर बोलत नाही."

"म्हणजे?"

"मान खाली घालून बसलीय. डोळे मिटलेले. बोलतच नाही रे!"

फोन कानाला तसाच धरून जितेश मशीनच्या खोलीत धावला. बाहेरच्या वाटा बंद झाल्या तरी चोर आत होताच, आणि मशीन त्याच्या ओझ्याखाली पार बसलं होतं.

"चाचा, रुबिना नाही, चित्र अडकलंय! मशीन बंद करून परत लावतो. दोन मिनिटं द्या, मग बोलताना दिसेल."

गाळ्यावरचा कलकलाट थांबला होता.

"चाचा, ऐकताय ना? नुसतं चित्र अडकलंय."

"ऐकला." चाचा म्हणाले. "पोर बोलत नाही असा वाटला ना, तेव्हा भीती वाटली मला. पण नवल नाही वाटला रे, जितेश. जराही नाही."

जितेश मशीनपुढे गुडघ्यांवर बसला होता. बोट बटणावर. "लावू का परत?"

"नको. थांब."

लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. मग "यल्ला, यल्ला, बाहेर व्हा सगळे," आणि खुर्च्या सरकल्या. चाचांनी दुसऱ्या फोनवरून घरी बायकोला लावलं होतं. हा फोन बंद करायचं त्यांना सुचलं नाही, आणि जितेशच्याने तो ठेववेना.

"सफूरा, वकिलाला थांबव. हो, आत्ताच्या आत्ता. बोलली नाही ना अजून? बरा. लोक काय म्हणतील ते मी बघतो. सगळ्यांना खोलीच्या बाहेर काढ. त्या शूटिंगवाल्याला पण. तू पण जा. फोन तिच्याकडे दे."

रविकांत सरांचा कॉल मध्येच वाजायला लागला. जितेशने तो घेतला नाही. मशीनच्या मागे हात घालून त्याने वायर उपटली.

"रुबिना, बेटा," चाचा म्हणाले. "आता कोण बघत नाही. मी पण नाही. सांग."