कापलेल्या शेपट्या

शेमटाच्या पाल्याची मोळी घेऊन धाकूमामा सकाळी प्रयोगशाळेत आला. दोन महिने पाला घालून त्यानं चांद्रपतंगाच्या अळ्या वाढवल्या होत्या. परवा कोशांतून वीस फिकट हिरवे, पंखांना लांब शेपट्या असलेले पतंग निघाले, तेव्हा ते बघायला त्यानं बायकोला मुद्दाम आणलं होतं. आज जाळीच्या खोलीत नऊच उरले होते, आणि टेबलावर कापलेल्या लांब शेपट्या पडल्या होत्या.

“वटवाघूळ फडफडणाऱ्या शेपटीवर झडप घालतं, मामा. शेपटी तुटते, पतंग निसटतो,” संशोधक शाल्मलीताई म्हणाल्या. “ते पडताळायला दहांच्या शेपट्या कापल्या. रात्री खोलीत सोडलेल्या वटवाघळांनी त्यांतले नऊ खाल्ले, शेपटीवाले दोनच.”

“शेपटीशिवाय मरणार, हे ठाऊक होतं तुम्हाला?”

“अंदाज होता.”

मामानं एक शेपटी तळहातावर घेतली. फुंकरीनं उडेल इतकी हलकी होती.

“अजून चाळीस पतंग लागतील,” ताई हळूच म्हणाल्या.

हे काम आता सोडावं, असं त्याच्या मनात आलं. पण पेटीतल्या नव्या अळ्या रात्रभरात पाला संपवून, उपाशी माना वर करून चाचपडत होत्या. त्यानं मोळी सोडली आणि कोवळी पानं निवडून तो त्यांना घालू लागला.