एका लेकराला एकच आई

“माझ्या मेलेल्या आईला तुमच्या मशीननं माझी सावत्र आई करून टाकलं, अन् तुम्ही म्हणता चूक नाही?” पुष्पांजलीचा आवाज कधी नव्हे तो चढला.

हर्षलने स्क्रीन तिच्याकडे वळवली. “तपासणीत चूक दाखवणारी एकही लाल ओळ नाही, मॅडम. काऊन चिडता?”

शेगावच्या त्या छोट्या कार्यालयात आनुवंशिक आजारांसाठी घराण्यांची माहिती जोडायचं काम चाले. कोण कोणाचं काय लागतं याचे नियम, म्हणजे ऑन्टॉलॉजी, हर्षलने बाहेरून आयात केले होते. त्यातला एक नियम होता: एका लेकराला एकच आई.

चाचणीसाठी पुष्पांजलीने स्वतःचंच घर भरलं होतं. जन्म देणारी जनका, वाढवणारी रुखमाबाई. दोघींपुढे ‘आई’. यंत्राने सरळ निष्कर्ष काढला: ही दोन नावांची एकच बाई.

“दोघी वेगळ्या, असं तुम्ही सांगितलंच नाही. त्याले काय समजते?”

“मेलेलं माणूस जित्या माणसाहून वेगळं, हेही सांगावं लागते? जिल्ह्यात सावत्र आईची घरं काय कमी आहेत? सगळ्या मेलेल्या बायका पुसून टाकाल!”

तिने स्वतः ओळ घातली: जनका आणि रुखमाबाई भिन्न. पुन्हा तपासणी केली. सगळी स्क्रीन लाल झाली. विसंगती.

“घ्या,” हर्षल हसला. “आता मशीन म्हणते, तुम्हीच खोटं बोलता.”

“तो नियम काढा. आत्ताच्या आत्ता.”

त्याने नियम काढला. लाली गेली.

घरी रुखमाबाई ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. उद्या अविधवा नवमी, सवाष्णपणी गेलेल्या बायकांच्या श्राद्धाचा दिवस. जनकाचा नैवेद्य दरवर्षी त्याच रांधत, पण त्या दिवशी घास तोंडात घालत नसत. पुष्पांजलीच्या वडिलांनी, शेषरावांनी, दुसरबीड गाव सोडलं तेव्हा ती पाळण्यात होती; जनकाचा फोटोसुद्धा घरात नव्हता.

“ऐकलं का मावशी? मशीन म्हणे तू अन् माही आई एकच!” पुष्पांजलीने पर्स आदळली. “लहानपणी एकदा तुले आई म्हटलं, तर तोंड दाबलं होतं तू माहं. तू खरंच आई असती, तर दाबलं असतं का?”

रुखमाबाईंचा हात थांबला.

“तुह्या आधीचे दोन लेकरं गेले, पोरी,” त्या हळूच म्हणाल्या. “तिसरं जगू दे, त्याच्या तोंडून आई ऐकणार नाही, असा देवाले नवस बोलली होती मी.”

“तू?”

त्यांनी तळहाताने तांदूळ सपाट केले. लग्नात अशाच ताटात शेषरावांनी अंगठीने ‘रुखमा’ लिहिलं होतं. त्याआधीचं आपलं नाव त्यांनी बोटाने लिहिलं: जनका.