हिरवी पाठ

ऑफिसच्या नाटकात नवऱ्याला राक्षस व्हायचं होतं, म्हणून मी त्याला अंगाला लावायचा स्वस्तातला हिरवा रंग आणायला पिटाळलं. तो गेला की तिकडचाच होतो. शेवटी मीच कोल्ड क्रीममध्ये कॉर्नफ्लोअर आणि खायचा रंग कालवला.

वाटी घेऊन बाथरूममध्ये गेले, तर स्वारी शर्ट काढून पाठमोरी उभी!

"आलास? हाक तरी मारायची!" म्हणत मी पाठ रंगवायला घेतली. एरवी गुदगुल्यांनी नाचणारा माणूस आज अगदी खांबासारखा उभा. म्हटलं, सुधारला एकदाचा.

"पाठ झाली. आता तोंड इकडे कर."

तेवढ्यात माझा फोन वाजला. नवरा विचारत होता, "अगं, दुकानात हिरवा संपलाय. निळा चालेल?"

माझ्या बोटांखालची पाठ किंचित हलली.

"वळू ना?"