रेघेवरची लिफ्ट

या कामात बाईंचा हात कोणी धरू शकत नाही. गोठवलेल्या क्वांटम चिपजवळ जरासं लोखंड हललं, तरी पडद्यावरची रेघ थरथरते. ते लोखंड कुठलं, हे बाई बघताक्षणी सांगतात.

"तुझा पट्टा. काढून ये."

वीस वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत.

आज भर दुपारी रेघ हलली.

"लिफ्ट," बाई म्हणाल्या.

"बाई, लिफ्ट सकाळीच काढून नेली. तुम्हीच मागे लागला होतात."

"दुसरा मजला... तिसरा. आपल्याकडे थांबली."

मी बाहेर डोकावलो. लिफ्टच्या जागी ठोकलेल्या फळ्या तशाच होत्या, वऱ्हांडा रिकामा. बाई चुकाव्यात, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

"कोणीतरी उतरलंय. किल्ल्यांचा जुडगा आहे." बाईंनी मानही न वळवता दरडावलं, "किल्ल्या बाहेर ठेवून या!"

दाराबाहेर फरशीवर किल्ल्या खणखणल्या.

रेघ सरळ झाली.