किरीच्या खोडातली पाच वर्षं

"पितळेच्या कड्या नकोत," किनुए म्हणाली. "चार दिवस चकाकतात आणि मग काळवंडतात. लोखंडीच लावा. आणि समोरच्या फळ्यांवर लाकडाच्या रेषा सगळ्या सरळ हव्यात. मागच्या बाजूला काय जोडकाम करायचं ते करा, समोर नाही."

"खोड चांगलं रुंद आहे, निघतील," म्हातारे सुतार मोतेगी म्हणाले.

कपाट तिच्या एकुलत्या एका मुलीचं, चिनात्सुचं होतं. त्यांच्या कामो गावात मुलगी जन्मली की बाप किरीचं झाड लावतो आणि लग्न ठरलं की त्याच झाडाचं कपाट तिच्याबरोबर सासरी जातं. फळ्या दोन वर्षं उन्हापावसात उभ्या राहिल्याशिवाय त्यांना कुणी रंधा लावत नाही. म्हणून लग्नाला अवकाश असला, तरी झाड गेल्याच आठवड्यात तोडलं होतं.

नवरा, शिगेओ, मोतेगींच्या कारखान्याच्या दाराशी घुटमळत होता. त्याचं पहिल्यापासून एकच टुमणं होतं, तयार फळ्या घेऊ. किनुएनं ते उडवून लावलं होतं. ती बाळंतपणाला माहेरी गेली असताना डोंगरापलीकडच्या शेतात झाड लावून ठेवणारा हाच, आणि आता तोडायची वेळ आली तर ह्यालाच कंटाळा! सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसानं एक गोष्ट शेवटाला नेली असेल तर शपथ.

ती अंगणातल्या ओंडक्यापाशी उकिडवी बसली आणि सालीकडून आत एकेक वलय नखानं मोजू लागली. किरीची वलयं रुंद असतात, मोजायला चष्मा लागत नाही.

"ही चिनात्सुची नोकरी. हे कॉलेज. हे बारीक वलय, त्या साली किती बर्फ पडला होता! ही पहिलीची शाळा. आणि हा जन्म."

नख थांबलं. आत अजून पाच वलयं होती.

तिनं पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोठ्यानं मोजलं. एकोणतीस.

"मोतेगीसान, माझी मुलगी चोवीसची आहे."

मोतेगींनी वाकून स्वतः मोजलं. मग एकदा शिगेओकडे पाहिलं. "असं होतं कधीकधी," ते म्हणाले.

"काय होतं कधीकधी? रोप आणलं तेव्हा फार तर वर्षाचं असेल. पाच वर्षांचं झाड कुणी पाठीवर घालून आणतं का? वर्षाला एक वलय, हे तर इथलं शेंबडं पोरही सांगेल. हे माझं झाड नाही!"

"बुंध्यावर शाईनं यांचं नाव आहे, वहिनी."

"शाई काय, कुणीही फासतो! मुलगी तापानं फणफणली होती ना, तेव्हा तो डोंगर चढून त्या झाडाला हात जोडून आलेय मी. आणि तुम्ही माझ्या पोरीचं झाड कुण्या बड्या घरच्या नवरीला दिलंत आणि हे भलतंच आमच्या गळ्यात मारताय! लाज नाही वाटत या वयात?"

"किनुए, घरी चल," शिगेओ म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा! तुमच्या या भिडस्तपणामुळेच लोक डोक्यावर मिरे वाटतात."

मोतेगींनी डोक्याला बांधलेला पंचा सोडला आणि कमरेत वाकून मान खाली घातली. "चूक माझी. ओंडके बदलले असतील. माझ्याकडच्या उत्तमातल्या उत्तम फळ्या देतो. विषय इथंच मिटवा."

म्हाताऱ्यानं इतक्या सहज कबूल केल्यावर तर किनुएच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बदलले असतील? पन्नास वर्षं रंधा धरणाऱ्याचे ओंडके बदलतात? दुसऱ्या किती पोरींना फसवलंय असं? थांबा, हे सगळं सुतारसंघाच्या अध्यक्षांना सांगा. दारावरची पाटी आज उतरली नाही, तर नावाची किनुए नाही मी!"

तिनं फोन लावला. पलीकडे रिंग वाजू लागली. मोतेगी तसेच वाकून उभे होते. दारावरच्या पाटीवर त्यांच्या आजोबांचं नाव होतं.

शिगेओ अंगणात आला. त्यानं तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला.

"यांनी काही बदललेलं नाही. झाड आपल्याच शेतातलं आहे. मीच लावलंय, एकोणतीस वर्षांपूर्वी."

"शुद्धीवर आहात का? मुलगी चोवीसची आहे!"

"धाकटी," शिगेओ म्हणाला. "धाकटी चोवीसची आहे."