आणखी एक शेळी

स्वप्नाच्या छातीतली शिट्टी दवाखान्याच्या पायरीपासून ऐकू येत होती. ताराबाईनं लेकीला घोंगडीत गुंडाळून वडवणीच्या स्टँडपासून पळतच आणलं होतं. आठ वर्षांची पोर, पण करडाएवढी हलकी. ओठ निळे पडले होते.

डॉक्टर सत्यशीला मॅडमनी घोंगडी सोडवून पोरीला टेबलावर घेतलं. तोंडावर मास्क लावला. मशीन घुरघुरू लागलं, औषधाची वाफ सुटली, आणि पंधरा मिनिटांत शिट्टी उतरली. स्वप्नानं डोळे उघडले तसा ताराबाईचा जीव भांड्यात पडला.

मॅडम शेजारच्या खोलीत गेल्या. ताराबाईला कुठला धीर! तिनं मास्क बाजूला सारून लेकीला मांडीवर ओढलं, पुन्हा घोंगडीत लपेटलं, छातीशी गच्च धरलं.

पाच मिनिटंही झाली नसतील, शिट्टी परत सुरू झाली.

"मॅडम! पळा वो मॅडम! पोर चालली माझी!"

मॅडम धावत आल्या. मास्क परत चढवला. मग त्यांची नजर घोंगडीवर गेली. त्यांनी चिमटीत काळे-पांढरे केस उचलले.

"ही घरी झोपते कुठं?"

"शेळ्यांत."

"शेळ्यांत? कशासाठी?"

"दमा जातो म्हनत्यात, शेळीच्या वासानं." सांगताना ताराबाई जरा ताठ झाली. लेकीसाठी तिनं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. "वरीस झालं. लई दम लागला की आनखी एक शेळी जवळ बांधती मी."

मॅडमनी चिमटीतले केस टाकून दिले. रागवावं तरी कोणावर?

"ताई, गोचीड चावली की शेळीचा कान कसा होतो?"

"लालभडक. गच्च सुजतो."

"हिच्या श्वासाच्या नळीचं आतून तसंच होतं. शेळीच्या अंगावरचा कोंडा श्वासातून आत गेला की शरीर त्याला वैरी समजतं. आतलं अस्तर सुजतं, चिकट पाणी सुटतं, नळी स्वतःलाच आवळून घेते. मग हवेला वाट उरत नाही. आणि रोज रोज असं झालं की थोड्याशा कोंड्यानंही ती सुजते."

ताराबाई ऐकत होती आणि मनात शेळ्यांमधली स्वप्नाची बाज दिसत होती. आधी एक शेळी. मग दुसरी. परवा पाचवी बांधली होती, दाव्याची गाठ ओढून बघून. त्या वेळी कुणी तिचे हात मोडले असते तर फार बरं झालं असतं.

तिनं घोंगडी उचलून दाराबाहेर फेकली. मग पदर नाकाशी नेला. शेळीचा वास. हात हुंगले. त्यांनाही तोच. सगळा जन्म शेळ्यांत गेलेला, वास जाणार कुठं? ती उठली आणि उंबऱ्याबाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

मशीन घुरघुरत होतं. मास्कच्या आडून स्वप्नानं हात पुढं केला.

"आये... जवळ ये ना."

ताराबाई आणखी एक पाऊल मागं सरकली.

"हितंच हाय मी," ती म्हणाली. "तू दम घे, बाय माझी."